मुलांचे नाट्यवर्ग : खर्च की भांडवल?

व्यापाराच्या पानावर नाटकाचे काय काम, असा सवाल हे शीर्षक वाचून पुष्कळ वाचकांच्या मनात येईल. या पानावर सुताचे भाव, विजेचे दर, जीएसटीच्या तारखा आणि उधारी-वसुलीच्या गोष्टी याव्यात, हे मलाही मान्य आहे. परंतु कापडाच्या धंद्यात तीस-पस्तीस वर्षे काढल्यानंतर माझे असे पक्के मत झाले आहे की, आपल्या दुकानात जी सर्वांत मोठी तूट येते ती वहीत कुठेच लिहिलेली नसते. ती तूट जिभेची असते. माल चांगला, भाव वाजवी, नियत साफ, पण चार माणसांत तोंड उघडता येत नाही. बाजारात म्हणतातच, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे मोतीही पडून राहतात.

माझाच एक किस्सा सांगतो. साल १९९४. एका गिरणीकडून आलेल्या पॉपलिनच्या चाळीस थानांत आडव्या धाग्याचे दोष निघाले. वालिदसाहेबांनी नमुने आणि बिले देऊन मला गिरणीच्या कचेरीत पाठवले. माझे वय तेव्हा तेवीस-चोवीस. समोरच्या साहेबांनी मराठीत दोन आणि इंग्रजीत एक प्रश्न विचारला. उत्तर मला ठाऊक होते. नमुने हातात होते. पण घसा कोरडा पडला, कानशिले तापली आणि तोंडातून फक्त "जी साहेब, जी साहेब" एवढेच निघाले. जी सूट मिळायला हवी होती तिच्या अर्धीच घेऊन मी परतलो. अकरा हजारांचा फरक पडला. वालिदसाहेब रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "कागज सच्चे थे, गवाह गूंगा निकला." ते वाक्य आजही माझ्या कानात आहे.

टाळ्या वाजवणारी चाळीस मुले

माझी तालीम उर्दू शाळेत झाली. शाळा चांगली होती आणि उस्ताद मेहनती होते. आमच्याकडे बैतबाजी होत असे. वार्षिक जलशात तमसीली मुशायरा होत असे, म्हणजे मुले शेरवानी-टोपी घालून कुणी मीर, कुणी गालिब, कुणी जिगर बनून कलाम पेश करीत. अल्लामा इक्बाल यांच्या 'बांग-ए-दरा' (१९२४) मध्ये मुलांसाठी ज्या नज्मा आहेत, त्यांतल्या कित्येक म्हणजे सरळ दोन पात्रांचा संवाद आहे. कोळी आणि माशी, पहाड आणि खार, गाय आणि बकरी. आमच्या वर्गात त्या दोघा-दोघांत वाटून म्हटल्या जात. आज ज्याला नाट्यशिक्षण म्हणतात त्याचे बी आपल्या उर्दू शाळांत असे आधीपासून पडलेले आहे.

मग माझ्यासारखा मुलगा मुका का राहिला? कारण स्टेजवर दरवर्षी तीच चार-पाच मुले असत. ज्यांचा आवाज खणखणीत, चेहरा गोरागोमटा, ज्यांचे उच्चार आधीपासूनच साफ, त्यांना घेतले जाई. शाळेची इज्जत राखायची, प्रमुख पाहुण्यांसमोर फजिती नको, हा हिशेब. बाकीची आम्ही चाळीस मुले सतरंजीवर बसून टाळ्या वाजवीत असू. ज्याला बोलता येते त्यालाच बोलण्याची संधी मिळायची आणि ज्याला गरज आहे तो तसाच राहायचा. ही रीत आजही पुष्कळ शाळांत चालू आहे, मग माध्यम उर्दू असो, मराठी असो की इंग्रजी.

लहान मुलांचे जे प्राथमिक नाट्यवर्ग असतात, त्यांचा पहिला फरक इथेच आहे. चांगल्या वर्गात निवड नसते. सगळी मुले एकाच वेळी खेळतात आणि बघायला कुणी नसते.

माल पाहिल्याशिवाय सौदा नाही

हे मला पुस्तकातून कळले नाही. माझी नात सहा वर्षांची. घरात चुरूचुरू बोलणारी, पण शाळेत हजेरीलासुद्धा 'हाजिर' म्हणत नसे, फक्त हात वर करी. बाईंनी दोनदा चिठ्ठी पाठवली. सूनबाईंना कुणीतरी कल्याणच्या एका वर्गाचा पत्ता दिला. दर रविवारी दीड तास, पाच ते नऊ वर्षांची मुले, महिना बाराशे रुपये. मी आधी साफ नकार दिला. आपल्या घरातल्या मुलीला काय सिरियलमध्ये पाठवायचे आहे? सूनबाई म्हणाल्या, "अब्बा, एकदा तुम्हीच जाऊन बघा. कापड तरी तुम्ही हात लावल्याशिवाय कुठे घेता?" बोलणे बरोबर होते. गेलो.

मला वाटले होते आरसे असतील, दिवे असतील, फिल्मी गाणी वाजत असतील. तिथे एका शाळेची रिकामी खोली होती, बाके भिंतीला लावलेली. चौदा मुले गोल उभी. शिकवणाऱ्या ताई तिशीच्या. प्रत्येकाने आपले नाव सांगायचे आणि सोबत एक हालचाल करायची, बाकीच्यांनी ते नाव आणि ती हालचाल तशीच करून दाखवायची. लाजणारे मूल नुसते खांदे उडवते, तर सगळा वर्ग खांदे उडवतो. कुणी हसत नाही, कारण सगळेच करताहेत. नंतर दोघा-दोघांचा आरशाचा खेळ झाला. एक हळू हात हलवतो, समोरचा आरसा बनून तेच करतो. यात घाई केली की जोडी तुटते. समोरच्याकडे बघितल्याशिवाय गत्यंतर नाही.

मग ताईंनी पिशवीतून अडीच मीटरचा साधा मलमलचा तुकडा काढला आणि मध्ये ठेवला. "हे कापड नाही," त्या म्हणाल्या. "मग काय आहे, ते बोलता करून दाखवा." एका मुलाने त्याची नदी केली, दुसऱ्याने फेटा. एका मुलीने बाळ गुंडाळून झोपवले. एकाने मासे पकडायचे जाळे फेकले. माझ्या नातीची पाळी आली. ती बराच वेळ उभी राहिली. ताईंनी घाई केली नाही, नाव घेऊन बोलावले नाही, नुसत्या थांबल्या. मग तिने कापड उचलले, काठाला काठ लावला, कोपरापर्यंत हात ताणून एक, दोन मापले, झटकन घडी घातली आणि एका मुलीच्या पुढ्यात ठेवली. मुले ओरडली, "दुकान! दुकान!" ती हसली. परक्या माणसांत तिला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. खरे सांगतो, पस्तीस वर्षे रोज कापडाच्या घड्या घालतो आहे, पण एका घडीने माझे डोळे कधी ओले झाले नव्हते.

हे खेळ आले कुठून?

हे खेळ आकाशातून पडलेले नाहीत. अमेरिकेत शिकागो शहरात परदेशातून आलेल्या गरीब कामगारांच्या वस्त्या होत्या. तिथल्या मुलांची भाषा एकमेकांशी जुळत नसे. नीव्हा बॉइड या समाजसेविकेने अशा मुलांसाठी खेळांचा वापर केला. तिच्या हाताखाली तयार झालेल्या व्हायोला स्पोलिन यांनी त्यातून नाट्यखेळांची पद्धत बसवली आणि १९६३ साली त्यावर पुस्तक लिहिले. इंग्लंडमध्ये पीटर स्लेड यांचे मुलांच्या नाट्यावरचे पुस्तक १९५४ साली आले, तर ब्रायन वे यांचे १९६७ साली. या सर्वांचे सांगणे थोडक्यात एकच : लहान मुलाकडून मोठ्यांसाठी नाटक बसवून घेऊ नका, मुलाच्या वाढीसाठी नाट्य वापरा. घरी एक बोली, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी आणि सरकारी कचेरीत चौथी, अशी आपल्या मुलांची अवस्था आहे. म्हणजे ज्यांच्यासाठी हे खेळ निघाले, ती मुले आपल्या मुलांसारखीच होती.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम जुने आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ साली मुंबईत 'लिटल थिएटर' सुरू केले आणि रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले. मतकरींनी पुढे आयुष्यभर बालनाट्ये लिहिली आणि उतारवयात ठाण्याच्या कष्टकरी वस्त्यांतल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. छबिलदास शाळेत शिक्षिका राहिलेल्या सुलभा देशपांडे यांनी 'आविष्कार'च्या 'चंद्रशाला' या शाखेतून मुलांना घडवले. पुण्यात डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ साली बर्लिनची 'ग्रिप्स' चळवळ आणली. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ साली शिक्षणातील नाट्यासाठी स्वतंत्र पथक काढले.

आणि आपला वारसा? दास्तानगोई ही नुसत्या आवाजाची आणि चेहऱ्याची कला. गुडघे टेकून बसलेला एक माणूस शंभर पात्रे उभी करीत असे. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ साली वारले आणि ही कला जवळपास संपली. २००५ साली दिल्लीत ती पुन्हा सुरू झाली.

हबीब तन्वीर यांचे 'आग्रा बाजार' हे नाटक तर प्रत्येक व्यापाऱ्याने पाहावे असे आहे. १९५४ साली जामिया मिल्लियाचे विद्यार्थी, शिक्षक आणि जवळच्या ओखला गावची साधी माणसे घेऊन ते प्रथम झाले. त्यात एक काकडीवाला आहे. बाजारात मंदी, काकडी विकली जात नाही. त्याला वाटते, माझ्या काकडीवर कुणी चार ओळी लिहून दिल्या तर माल खपेल. मोठे शायर त्याला दाद देत नाहीत. शेवटी नजीर अकबराबादी त्याला नज्म देतात आणि त्याची काकडी हातोहात खपते. माल तोच होता. त्याला जबान मिळाली.

इल्मी तपासणी काय सांगते?

आता माल तोलून बघू. जाहिरातींत लिहिलेले असते की, नाट्यवर्गाने मूल हुशार होते, गणित सुधारते, स्मरणशक्ती वाढते. एवढे कुणी लिहून दिले तरी मानू नये.

कॅनडातील टोरांटो येथे शेलेनबर्ग या प्राध्यापकांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांची चार गटांत वाटणी केली. दोन गटांना संगीत, एका गटाला नाट्य आणि एकाला काहीच नाही. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बुद्धिमापनात संगीताच्या मुलांना थोडा जास्त फायदा दिसला. पण चारचौघांत मिळून-मिसळून वागणे, परिस्थिती ओळखून वागणे, यात सुधारणा दिसली ती नाट्याच्या मुलांत.

अमेरिकेतील थालिया गोल्डस्टीन आणि एलन विनर यांचा अभ्यास २०१२ सालचा. एक वर्ष अभिनय शिकलेली मुले आणि चित्रकला-संगीत शिकलेली मुले त्यांनी ताडून पाहिली. अभिनयाच्या मुलांत दुसऱ्याच्या भावना जाणण्याची वृत्ती अधिक वाढलेली आढळली. गोल्डस्टीन आणि लर्नर यांनी २०१८ साली गरीब घरांतल्या चार वर्षांच्या ९७ मुलांवर काम केले. काहींना आठ आठवडे नाट्यखेळ, काहींना ठोकळे रचणे, काहींना गोष्टी ऐकणे. नाट्यखेळांच्या मुलांत स्वतःच्या भावनांवर ताबा ठेवण्याची ताकद वाढलेली दिसली. दुसरे मूल दुखावले तर स्वतः घाबरून-बावरून जाण्याचे प्रमाण कमी झाले.

याच्या उलट, २०१३ साली अँजेलिन लिलार्ड व सहकाऱ्यांनी आधीच्या पुष्कळ अभ्यासांची छाननी करून बजावले की, खोटे-खोटे खेळण्यानेच मुलांचा सर्वांगीण विकास होतो, असे म्हणण्याइतका पुरावा भक्कम नाही. म्हणून सौदा साफ असावा. नाट्यवर्गाने परीक्षेत गुण वाढतील, अशी आशा ठेवू नये. भीड कमी होणे, समोरच्याचा चेहरा वाचणे, आपला राग आणि रडू आवरणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, एवढे पदरात पडू शकते. आता मला सांगा, दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याला याशिवाय आणखी काय लागते? चेहरा वाचता आला तर कोणते गिऱ्हाईक घेणार आणि कोणते फक्त बघणार हे कळते. राग आवरता आला तर उधारी वसूल होते आणि संबंधही राहतात.

दीन आणि तहजीब

एक अडचण बाजूला ठेवून चालणार नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या मनात नाटक या शब्दाबद्दलच शंका आहे. मी आलिम नाही, फतवा देणे माझे काम नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. मी विचारले तेव्हा मला मौलवीसाहेबांनी उलट विचारले की, त्या खोलीत नेमके होते काय? मी वर लिहिले तसे सांगितले. ते म्हणाले, मूल खेळते, गोष्ट सांगते, अदबीने बोलायला शिकते, यात हरकत कशाची? जिथे बेहयाई असेल, फिल्मी नाच असेल, तिथे पाठवू नका.

त्यातून मी काही अटी ठरवल्या आणि त्या वर्गाच्या ताईंना सांगितल्या. त्यांनी विनातक्रार मानल्या. अंबिया आणि सहाबा यांची पात्रे कोणत्याही खेळात नकोत, हे तर आपल्याकडे सर्वमान्यच आहे. कपडे घरचे साधे. नमाजची वेळ आली तर मुलाला सोडायचे. पालकाला केव्हाही दारात उभे राहून बघता आले पाहिजे. या अटी फक्त मुसलमान पालकांच्या नाहीत. कोणत्याही शरीफ घरच्या आई-बापाला त्या पटतील, आणि पटल्याही.

ऑडिशनच्या जाळ्यापासून सावध

नाट्यवर्ग आणि चमकवण्याचा बाजार यांतला फरक ओळखला पाहिजे. 'तुमच्या मुलाचा चेहरा कॅमेऱ्यासाठी आहे' असे सांगून आधी फोटोंच्या पुस्तकाचे पैसे, मग नोंदणीचे पैसे, मग 'ग्रूमिंग'चे पैसे घेणारे लोक आहेत. माझ्या ओळखीच्या एका शिलाई कारागिराने असे पस्तीस हजार रुपये घालवले. फोटो मिळाले, काम कधीच मिळाले नाही. धंद्याचा साधा नियम लक्षात ठेवावा : जो काम देतो तो पैसे देतो, आधी मागत नाही.

खरोखरच कुणी मुलाला जाहिरातीत किंवा मालिकेत घेत असेल तर कायदा माहीत हवा. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ साली नियम आले. त्यानुसार बालकलाकाराकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय ३ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यावी लागते. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. मुलाच्या कमाईचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावाने मुदत ठेवीत टाकावा लागतो. आणि मुलाच्या मर्जीविरुद्ध कोणतेही काम नाही. पण पाच-सात वर्षांच्या मुलाला या वाटेला न लावलेलेच बरे. शिकायचे वय कमाईत घालवू नये. यंत्रमागाच्या वस्तीत राहणाऱ्यांना हे मी काय सांगावे!

वर्ग निवडताना काय पाहावे

जसे कापड घेताना आपण पोत, पन्हा, रंग आणि मुरड पाहतो, तसे इथेही पाहावे.

एक, मुले किती? एका शिक्षकामागे पंधरा-सोळाच्या वर नकोत. दोन, पहिल्याच महिन्यात संवाद पाठ करायला दिले असतील तर तो वर्ग पाठांतराचा समजावा. आठ वर्षांच्या आत खेळ, गोष्ट आणि नक्कल हेच खरे शिक्षण. तीन, गप्प बसलेल्या मुलाशी शिक्षक कसे वागतात ते पाहावे. त्याला ओढून पुढे आणणारा शिक्षक नको. त्याला थांबू देणारा हवा. चार, मुलांची चेष्टा करून हशा मिळवला जातो का? तसे असेल तर त्याच दिवशी फी परत मागावी. पाच, शौचालय, दरवाजा, ने-आण या गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात. सहा, मूल तोतरे बोलत असेल किंवा त्याला ऐकू कमी येत असेल, तर आधी वाचा-उपचार तज्ज्ञाला दाखवावे. नाट्यवर्ग म्हणजे दवाखाना नव्हे.

आपल्या मोहल्ल्यात का नको?

कल्याणला दर रविवारी जाणे प्रत्येकाला जमणार नाही. बाराशे रुपये महिना हेही भरतकाम करणाऱ्या किंवा माग चालवणाऱ्या भावाला परवडणार नाहीत. म्हणून आम्ही चार दुकानदारांनी बसून हिशेब केला. तो जसाच्या तसा देतो.

मुले १६. त्यांतल्या दोघांना फी माफ. उरलेल्या १४ मुलांची फी प्रत्येकी ५०० प्रमाणे महिना ७,००० रुपये. खर्च : शाळेच्या खोलीचे भाडे १,०००, शिक्षकाचे मानधन चार वर्गांचे प्रत्येकी १,२०० प्रमाणे ४,८००, कागद-रंग-खडू ४००, मुलांचा खाऊ-पाणी ६००. एकूण ६,८००. शिल्लक २०० रुपये. नफा नाही, पण तोटाही नाही. सामानात कापड लागते ते आमच्या दुकानांतल्या कतरणींतून येईल. एरवी ती किलोवर जाते.

शिकवणारी व्यक्ती एकटीने, स्वतःच्या नावाने कलेचा छंदवर्ग घेत असेल तर त्यावर जीएसटी माफ आहे. संस्था काढायची असेल, तर आपल्या कर सल्लागाराला आधी विचारावे. यातून आपल्याच शिकलेल्या मुलींना हलाल रोजगारही मिळू शकतो. डी.एड. झालेल्या, उर्दू-मराठी दोन्ही बोलणाऱ्या कित्येक मुली घरी बसून आहेत. त्यांना हे खेळ शिकायला काही महिने लागतील.

भाषा कोणती ठेवावी, यावर आमच्यात वाद झाला. माझे मत असे की, गोष्ट उर्दूत सांगावी आणि 'बाजार-बाजार', 'तलाठी कचेरी', 'बँक' हे खेळ मराठीत खेळावेत. कचेरीत 'जी साहेब' म्हणून गप्प बसणारी आणखी एक पिढी आपल्याला परवडणारी नाही.

कलेचे आणि आपल्या हातमाग-यंत्रमागाचे वैर आहे असेही नाही. मालेगावच्या शेख नासिर यांनी २००० साली तिथल्याच साध्या माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' बनवला. पुढे त्यांच्या 'सुपरमॅन'ची भूमिका एका माग कामगाराने केली आणि त्यावरचा माहितीपट जगभर पाहिला गेला. मागाच्या खडखडाटातही माणसाला काही सांगायचे असते, एवढाच त्याचा अर्थ.

आरसा

शेवटी एक गोष्ट, जी सांगावी की नाही यावर मी बराच विचार केला.

वर्ग सुरू होऊन चार महिने झाले होते. एका दुपारी नात घरी चुलतभावंडांबरोबर 'दुकान-दुकान' खेळत होती. ती दादा बनली होती, म्हणजे मी. उशीवर रेलून बसली होती. एक भाऊ मोठा गिऱ्हाईक बनून आला तेव्हा ती उठून उभी राहिली, "आइए, आइए, चाय मंगवाऊं?" मग धाकटी बहीण आली. म्हणाली, "एक मीटर अस्तर पाहिजे." नातीने मान वर केली नाही. वहीत बघत, हाताने दुसरीकडे बोट दाखवले आणि नोकराच्या नावाने खेकसली, "अरे, दे दे इसको कुछ!"

सगळी घरची माणसे हसली. मला हसू आले नाही. सूर माझा होता, बोट माझे होते, मान खाली घालणेही माझेच होते. एक मीटर अस्तर मागणारी बाई बहुतेक वेळा दुसऱ्यांचे कपडे शिवून पोट भरणारी असते. हे मला माहीत आहे. तरी मी वर पाहत नव्हतो. पस्तीस वर्षांत कोणा गिऱ्हाइकाने, कोणा नोकराने मला हे सांगितले नाही. सांगणार कसे? सहा वर्षांच्या मुलीने न रागावता, न शिकवता दाखवून दिले. समोरच्याकडे नीट बघ, एवढेच त्या आरशाच्या खेळात तिला सांगितले होते. तिने नीट बघितले.

दुसऱ्या दिवसापासून मी अस्तर मागणाऱ्यालाही बसायला स्टूल देतो. रोज जमते असा दावा नाही. जुनी सवय आहे, पण लक्षात राहते.

नात काही मोठी वक्ता झालेली नाही. पाहुणे आले की अजूनही आईच्या मागे लपते. वार्षिक जलशात तिला घेतले नाही, आणि त्याचे तिला वाईटही वाटले नाही. फक्त शाळेत हजेरीच्या वेळी ती आता हात वर न करता 'हाजिर' म्हणते. बाईंनी सूनबाईंना सांगितले की, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो.

व्यापारी आणि कारागीर बांधवांनो, मुलांसाठी आपण दुकान ठेवून जातो, माग ठेवून जातो, कुणी प्लॉट ठेवून जातो. हे सगळे सांभाळायला कधीतरी त्यांना परक्या कचेरीत, परक्या माणसासमोर उभे राहून आपले म्हणणे मांडावे लागणार आहे. त्या दिवशी आपण सोबत असू की नाही, अल्लाह जाणे. कागद आपण खरे ठेवले आहेत. साक्षीदार मुका राहू नये, एवढी तजवीज आजच करावी, ही विनंती. आमच्या मोहल्ल्याचा वर्ग इन्शाअल्लाह शाळांची दिवाळीची सुट्टी संपताच सुरू करण्याचा इरादा आहे. दुसऱ्या गावच्या भावांनी आपापल्या ठिकाणी असा हिशेब मांडून पाहावा.